मी उठलो की मुकं होणारं यंत्र

संशय हा माझा स्वभाव आहे असं बायको म्हणते. माझ्या मते तो माझा व्यवसाय आहे. एकोणतीस वर्षं मी एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे आणि एवढ्या वर्षांत "पाच मिनिटांत आणून देतो" म्हणून नेलेला एकही पाना मला पाच मिनिटांत परत मिळालेला नाही. त्यातले निम्मे अजून येतायत. त्यामुळे सहीशिवाय मी वॉशरसुद्धा देत नाही, आणि कुणाच्याही घरून निघताना खिसे चाचपून आपली प्रत्येक वस्तू आपल्याबरोबर आहे याची खात्री करतो. या सवयीमुळे माझं कधी नुकसान झालेलं नाही, असं मी गेल्या महिन्यापर्यंत छातीठोकपणे सांगत होतो.

प्रकरण सुरू झालं सासूबाईंच्या डोळ्यांपासून. त्यांची मधली नजर गेली. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. माणसाचा चेहरा दिसत नाही, कान दिसतात, आणि माणूस ओळखायला कान पुरतात असं त्या म्हणतात. वाचन मात्र बंद पडलं. त्यांच्याकडे सासऱ्यांची एक्केचाळीस पत्रं आहेत. सासरे कोर्टात टायपिस्ट होते आणि बायकोला पत्रंही टाइप करूनच पाठवायचे. ते जाऊन आता सहा वर्षं झाली. सासूबाईंना ती पत्रं पुन्हा एकदा वाचायची होती.

"आई, मी वाचून दाखवते ना," माझी थोरली मेहुणी म्हणाली. सासूबाई तिच्याकडेच राहतात.

"नको."

"मग मी?" बायकोने विचारलं.

"तू तर नकोच. तू रडशील आणि मला तुझी समजूत काढत बसावं लागेल."

साडूंनी घसा साफ केला. सासूबाईंनी त्यांच्या कानाकडे पाहिलं, तसे साडू गप्प झाले.

"माणसाला वाचायला दिलं की तो वाचतो आणि लक्षातही ठेवतो," सासूबाई म्हणाल्या. "मला नुसतं वाचणारं कुणीतरी हवंय. नसेल तर महिनाअखेर सगळी फाडून टाकते. मला वाचता येत नाहीत आणि माझ्यामागे तुम्ही वाचल्याशिवाय राहणार नाही."

साडूंनी फोनवरची सोय सुचवली. कागदाचा फोटो काढला की फोन वाचून दाखवतो. सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "फोटो कुठे जातो?" साडू प्रामाणिकपणे म्हणाले, "इंटरनेटवर." तो विषय तिथेच संपला. मग साडू म्हणाले की असं एक तयार यंत्रही मिळतं, ते मागवायचा त्यांचा विचार होता. 'विचार होता' हे शब्द मी नीट ऐकून ठेवले. साडू टेलिफोन खात्यात इंजिनियर आहेत. त्यांचा सगळ्याच बाबतीत विचार असतो.

"मी करून देतो," मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं ते अगदी तिच्या आईसारखं, म्हणजे कानाकडे. पण मी पोकळ बोललो नव्हतो. चोपन्नाव्या वर्षी मी इंटरनेटवरचे धडे पाहून पायथन शिकलोय. स्टोअरमधल्या नट-बोल्टचा हिशेब ठेवणारा माझा प्रोग्राम दोन वर्षं चालतोय आणि त्याच्यावर माझ्याखेरीज कुणाचाही विश्वास नसल्यामुळे त्यात कुणी बोटही घालत नाही.

दोन आठवड्यांत प्रोग्राम तयार झाला. कागद कॅमेऱ्याच्या दांडीखाली ठेवायचा, कीबोर्डवरची सगळ्यात लांब कळ दाबायची, की यंत्र वाचू लागतं. कळ हाताला कळावी म्हणून मी तिच्यावर सँडपेपरचा तुकडा चिकटवला. आता इथे एक तांत्रिक गोष्ट सांगणं भाग आहे, कारण पुढची सगळी बेअब्रू तिच्यापायी झाली. पायथन स्वतः बोलत नाही. बोलण्याचं काम एक वेगळी तयार लायब्ररी करते. ती दुसऱ्याच कुणीतरी दुसऱ्याच भाषेत लिहिलेली असते आणि वेगळ्या फाईलमध्ये राहते. स्वयंपाकी आपला, कढई शेजाऱ्यांची, असा प्रकार. कढई कुठल्या फळीवर आहे हे स्वयंपाक्याला सांगावं लागतं. मी तसं सांगितलं होतं. अगदी पूर्ण पत्ता लिहून, स्टोअरच्या शिस्तीत.

रविवारी मी साडूंच्या घरी गेलो. सासूबाईंसाठी काढून ठेवलेल्या जुन्या लॅपटॉपला माझा पेनड्राइव्ह लावला आणि प्रोग्राम त्याच्यावर उतरवला. लॅपटॉपने ताबडतोब पाटी दाखवली: हा प्रोग्राम अनोळखी प्रकाशकाचा आहे, तरीही चालवायचा का? अनोळखी! ज्या घरात मी पंचवीस वर्षं जावई आहे त्या घरात! साडू शेजारी उभे होते. ते हसले नाहीत, पण न हसण्यासाठी त्यांना जे कष्ट पडत होते ते मला दिसले. त्यानंतर अँटिव्हायरसनेही मला संशयित ठरवून पाऊण तास चौकशी केली. शेवटी मी वर्तमानपत्राचा एक तुकडा कॅमेऱ्याखाली ठेवून कळ दाबली, आणि यंत्र सर्दी झालेल्या कारकुनाच्या आवाजात खणखणीत वाचू लागलं. मेहुणीने टाळ्या वाजवल्या. मी खिसे चाचपले, पेनड्राइव्ह काढून घेतला आणि निघालो.

सोमवारी सकाळी सासूबाईंचा फोन आला. "जावईबापू, ते बोलत नाही. एक काळी चौकट येते आणि जाते, असं थोरली सांगते."

बुधवारी कामावरून परस्पर तिकडे गेलो. पेनड्राइव्ह लावला, कारण त्यात माझी तपासणीची सगळी हत्यारं असतात. कळ दाबली. यंत्र बोललं. सलग वीस मिनिटं बोललं. मी हसून म्हणालो, "कळ नीट दाबली गेली नसेल." मी घरी पोचायच्या आत फोन: पुन्हा मुकं.

शुक्रवारी तेच. मी असताना बोलतं, मी उठलो की मुकं. आता माझ्या जागी साधाभोळा माणूस असता तर त्याने यंत्राला दोष दिला असता. मी स्टोअरकीपर आहे. जी वस्तू माझ्यासमोर धडधाकट असते आणि माझी पाठ वळताच बिघडते, तिला कुणाचा तरी हात लागलेला असतो. प्रश्न एवढाच होता की कुणाचा. आणि त्या घरात लॅपटॉपला हात लावण्याइतकी अक्कल असलेला, तयार यंत्र मागवायचा ज्याचा विचार होता असा, एकच गृहस्थ होता.

आमच्या शेजारी निवृत्त हेडमास्तर राहतात. सगळं ऐकून त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "जवळच्या माणसावर नजर ठेवा. माझ्या शाळेतला पृथ्वीचा गोल अकरा वर्षांनी सापडला. कुणाकडे? उपमुख्याध्यापकांकडे!" त्यांच्या सौभाग्यवतींनी आतूनच सल्ला दिला की लॅपटॉपचं तोंड खिडकीकडे असू नये. तो मी नोंदवून ठेवला, कारण चौकशीत काहीच टाकाऊ नसतं.

रीतसर मार्गही सोडला नाही. आमच्या कारखान्यात सिस्टम विभाग आहे. तिथे दोन प्रतींत अर्ज दिला. तिथल्या बाई नाकावर चष्मा ओढून म्हणाल्या, "मशीनचा मालमत्ता क्रमांक?"

"ते सासूबाईंचं मशीन आहे."

"म्हणजे क्रमांक नाही. बरं, लायब्ररीचा पाथ, म्हणजे पत्ता, पूर्ण दिलाय की सापेक्ष?"

मी मनात म्हटलं, झालं, यांनी फाटे फोडायला सुरुवात केली. "पूर्ण," मी ताठ मानेने म्हणालो. "अर्धवट कामं मी करत नाही."

"मग तो पाथ त्या मशीनवर आहे का ते बघा. आणि हे सांगा, अर्जात म्हटलंय तसा प्रोग्राम इथल्या आणि घरच्या अशा दोन्ही मशीनवर कसा काय लिहिलात? पेनड्राइव्हने? कारखान्यात पेनड्राइव्हला बंदी आहे, माहितीये ना?"

"कुठला पेनड्राइव्ह?" मी म्हणालो. तो त्या क्षणी माझ्या शर्टाच्या खिशात होता. त्याच संध्याकाळी माझ्या टेबलावर मेमो आला. एकोणतीस वर्षांतला पहिला. मी दुसऱ्यांना इतके मेमो दिलेत, पण स्वतःचं नाव असलेला कागद हातात धरायला किती जड असतो याची मला कल्पना नव्हती. या सगळ्या धांदलीत बाईंचा मूळ प्रश्न माझ्या डोक्यातून साफ उडाला.

पुढच्या रविवारी मी पुराव्याच्या तयारीने गेलो. यंत्र चालवून दाखवलं, पेनड्राइव्ह काढला, आणि लॅपटॉपच्या प्रत्येक भोकावर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर आडवी सही केली. स्टोअरच्या कपाटांना मी असंच सील करतो. सही न फाडता आत काही घालणं कुणाच्या बापाला शक्य नाही.

"हे कशासाठी?" साडूंनी विचारलं.

"धुळीसाठी," मी त्यांच्या डोळ्यांत रोखून बघत म्हणालो.

घरी येताना बायको माझ्यापुढे दहा पावलं चालत राहिली. चार दिवसांनी पाहिलं तर सगळ्या सह्या जागच्या जागी, आणि यंत्र रविवारी संध्याकाळपासून मुकं. याचा अर्थ उघड होता: साडू टेलिफोन खात्यातले, ते तारेतून घुसत असणार. मी इंटरनेट काढून टाकलं. तरी मुकं. मग माझा संशय मेहुणीवर गेला, तिच्यावरून झाडलोटवाल्या बाईंवर, आणि एका दुबळ्या क्षणी खुद्द सासूबाईंवर. ही गोष्ट मी बायकोला सांगण्याची चूक केली.

"आई स्वतःचं यंत्र स्वतः बिघडवते?" ती म्हणाली. "तुम्हाला कळतंय का, ती रोज सकाळी आंघोळ करून, पत्रांचा गठ्ठा मांडीवर घेऊन त्या यंत्रासमोर बसते? ताई सांगत होती. कळ दाबते, थांबते, परत दाबते. मग गठ्ठा बांधून ठेवते. महिना संपायला दोन दिवस राहिलेत."

त्यानंतर मला जेवण गेलं नाही. मी संशय घेत हिंडत होतो आणि तिकडे ती बाई रोज सकाळी तयार होऊन बसत होती. मला माझीच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून प्रोग्राम चालत नाही.

महिन्याचा शेवटचा दिवस रविवारच होता. आम्ही दोघं गेलो. सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या आणि गठ्ठा समोर टेबलावर होता. मी सीलची पट्टी काढून पेनड्राइव्ह लावायला लागलो, तशा त्या म्हणाल्या, "थांबा जावईबापू. आधी एक विचारते. रागावू नका."

"विचारा ना."

"तुम्ही जाताना इथून काय नेता?"

माझे कान तापले, आणि त्यांना नेमके तेच दिसत असणार.

"तुम्ही आलात की हे यंत्र एक सूर काढतं, चढता," त्या म्हणाल्या. "निघालात की तोच सूर, पण उतरता. उतरता सूर झाला की पुढे ते बोलत नाही. मला दिसत नाही, ऐकू येतं. मी पत्र खाली ठेवते, कळ दाबते. ते पत्र आत घेतं आणि बोलत मात्र नाही. मग तुम्ही येता आणि काहीतरी घेऊन जाता. मला वाटतं, माझी पत्रं तुम्ही तुमच्याबरोबर नेता."

माझ्यावर! चोरीचा आळ! ज्याने आयुष्यात कारखान्याची टाचणी घरी आणली नाही त्याच्यावर! मी उभा राहिलो आणि एकेक करून सगळे खिसे टेबलावर रिकामे केले. किल्ल्यांचे दोन जुडगे, चष्म्याचं घर, बसचा पास, पेन, फडक्याचा तुकडा. "बघा! सगळ्यांनी बघा! हे माझं सामान. आणि हा," मी हात उंचावून म्हणालो, "हा माझा स्वतःचा पेनड्राइव्ह, जो मी येताना आणतो आणि जाताना..."

पुढचं वाक्य मला पुरं करता आलं नाही.

साडूंनी हलकेच तो माझ्या हातातून घेतला आणि लॅपटॉपला लावला. चढता सूर झाला. पडद्यावर पेनड्राइव्हमधलं पहिलंच फोल्डर दिसलं. त्याचं नाव 'आवाज'. मीच ठेवलेलं. कारखान्यात आणि घरी दोन्हीकडे काम करता यावं म्हणून बोलणारी लायब्ररी मी पेनड्राइव्हवर ठेवली होती आणि प्रोग्रामला तिथलाच पूर्ण पत्ता लिहून दिला होता. प्रोग्राम मी सासूबाईंकडे ठेवत होतो, आणि त्याचा आवाज दर वेळी इमानेइतबारे खिशात घालून घरी नेत होतो. वर भोकांना सील ठोकत होतो.

साडू हसले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "होतं असं. आमच्याकडेही होतं."

"मी तुमच्यावर संशय घेतला," मी खाली मान घालून म्हणालो.

"ते सह्यांवरून लक्षात आलं होतं. खरं सांगू? आम्हीही घेतला. हिला वाटत होतं की तुम्ही मुद्दाम बिघडवून ठेवता, म्हणजे दर दोन दिवसांनी यायला कारण मिळतं."

मग आम्ही दोघे साडू आयुष्यात पहिल्यांदा एका टेबलाशी बसलो. लायब्ररी प्रोग्रामच्या गठ्ठ्यातच बांधून टाकायची आणि त्याला सांगायचं, बाबा रे, तू जिथे आहेस तिथेच शोध, असं ठरलं. केलं. पेनड्राइव्ह काढून पाहिलं, तर मुकंच. बायको मोठ्याने उसासली. पुढचा तासभर डोकं खाजवल्यावर कळलं की हा गठ्ठा चालू होताना स्वतःला कुठल्याशा तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडतो, आणि आवाजही तिथेच उलगडतो, आणि आमचा शहाणा प्रोग्राम मात्र त्याला दारातल्या चपलांत शोधत होता. साडूंनी ते हुडकलं. मी ओळ लिहिली. श्रेय निम्मं-निम्मं, असं मी इथे लेखी देतो.

"आता तुम्ही घराबाहेर जा," सासूबाई मला म्हणाल्या. "सगळं सामान घेऊन. जिना उतरून खाली रस्त्यावर."

पंचवीस वर्षांचा जावई भर दुपारी रस्त्यावर पेनड्राइव्ह खिशात घालून उभा राहिला. समोरच्या दुकानदाराने विचारलं, "कुणाची वाट बघताय?" काय सांगणार? दहा मिनिटांनी गॅलरीतून साडूंनी दोन्ही हात हलवले. मी जिना धावत चढलो. माझ्या गुडघ्यांची तक्रार आहे, पण तेव्हा ती केली नाही.

सासूबाईंची खोली बंद होती. आतून कडी. आम्ही चौघं बाहेर. ऐकायचं नाही असं आमचं ठरलं, आणि पाच मिनिटांत मी आणि साडू दाराला कान लावून उभे होतो. माझ्या वतीने सांगतो, मी फक्त यंत्र चालतंय की नाही याची खात्री करत होतो.

"विषय," सर्दी झालेला कारकून आत वाचत होता, "आपली नाराजी. संदर्भ. आपले न आलेले पत्र. महोदया. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की आपल्याशिवाय येथे करमत नाही. पूर्णविराम. चूक माझीच होती. पूर्णविराम. आपण अजून रागावला आहात काय. प्रश्नचिन्ह."

यंत्र थांबलं. कागदाची सळसळ झाली नाही. मग सँडपेपरवर बोट घासल्याचा बारीक आवाज, आणि यंत्र तेच पत्र पहिल्यापासून वाचू लागलं.

मी साडूंचा दंड धरला आणि त्यांना ओढत स्वयंपाकघरात नेलं. बायकोने विचारलं, "काय वाचत होतं?" मी म्हणालो, "नीट ऐकू आलं नाही." तिला माझं खोटं एरवी लगेच कळतं. तेव्हाही कळलं असणार, पण तिने चहाचं आधण ठेवलं आणि पुन्हा विचारलं नाही.

दीड तासाने कडी निघाली. सासूबाई गठ्ठा छातीशी धरून दारात उभ्या होत्या. तो पुन्हा बांधलेला होता, पण एक कागद त्यांनी बाहेर, हातात ठेवला होता.

"आई, फाडणार नाहीस ना?" मेहुणीने घाबरत विचारलं.

त्यांनी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. भिंतीला हात लावत त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"जावईबापू, हे वाचून दाखवतं. पण आपण बोललेलं लिहून घेतं का?"

"तसं करता येईल," मी म्हणालो. साडूंनी मान डोलावली. "दोन-तीन आठवडे लागतील. पण कुणाला लिहायचंय?"

त्यांनी हातातला कागद उलटून सरळ केला, जणू त्यांना तो दिसत होता.

"ज्यांनी विचारलंय त्यांना."